एकाच लॅपटॉपवर दोन कार्यप्रणाली : विंडोज कायम ठेवून उबुंटू कशी बसवावी

विंडोज १० या कार्यप्रणालीला मोफत सुरक्षा अपडेट पुरवणे मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवले. घरगुती वापरकर्त्यांना नावनोंदणी करून आणखी एक वर्ष, म्हणजे १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, मुदतवाढ घेण्याची सोय कंपनीने ठेवली. पण ती सोय म्हणजे कायमचा उपाय नव्हे. २०१६-१७ च्या सुमारास घेतलेले असंख्य लॅपटॉप आज उत्तम चालतात. कळफलक शाबूत आहे, पडद्यावर ओरखडा नाही, बॅटरी एकदा बदलून घेतली आहे. तरीही विंडोज ११ त्यांना दारातच अडवते. तिला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते आणि इंटेलचा साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. चालते यंत्र केवळ या अटींपायी भंगारात काढावे काय, हा प्रश्न आज अनेक घरांत विचारला जात आहे.

त्यावरचा एक जुना आणि कसोटीला उतरलेला उपाय म्हणजे लिनक्स. हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टॉरवाल्ड्‌स या विद्यार्थ्याने १९९१ साली सुरू केलेल्या या प्रकल्पावर आज जगातील बहुतांश सर्व्हर चालतात. अँड्रॉइड फोनचा गाभाही तोच आहे. लिनक्सच्या अनेक आवृत्त्यांपैकी घरगुती वापरासाठी उबुंटू ही सर्वाधिक परिचित. ती विनामूल्य आहे आणि दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये तिची दीर्घ मुदतीची आवृत्ती येते. एप्रिल २०२४ मध्ये आलेल्या २४.०४ या आवृत्तीला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत.

मग विंडोज पुसून सरळ उबुंटूच का घालू नये? कारण विंडोजशी आपले काही व्यवहार घट्ट बांधलेले असतात. दुकानाचे हिशेब टॅलीत असतात. एखाद्या सरकारी कामासाठी लागणारी डिजिटल स्वाक्षरीची किल्ली विंडोजवरच चालवून घेतलेली असते. आणि मराठी माणसाच्या बाबतीत आणखी एक कारण असते : श्रीलिपीसारख्या प्रणालींत युनिकोडपूर्व टंकांनी बांधलेल्या जुन्या फायली. स्मरणिका, दिवाळी अंक, देवस्थानच्या अहवालांचे मजकूर, एखाद्याने निवृत्तीनंतर चिकाटीने टंकलेले आत्मचरित्र, हे सारे त्या टंकांत अडकलेले असते. टंक नसलेल्या संगणकावर ते उघडले तर समोर निरर्थक चिन्हांची रांग येते. अशा वेळी विंडोज राहू द्यावी आणि शेजारी उबुंटू बसवावी, हा मध्यममार्ग शहाणपणाचा. लॅपटॉप सुरू करताना ‘आज कोणती?’ एवढेच ठरवायचे. यालाच ‘ड्युअल बूट’ म्हणतात.

एक गोष्ट मात्र आधीच स्पष्ट करायला हवी. शेजारी उबुंटू बसवल्याने जुनी विंडोज सुरक्षित होत नाही. इंटरनेट, बँकेचे व्यवहार, ईमेल ही कामे उबुंटूत करावीत आणि अपडेट बंद झालेली विंडोज शक्यतो इंटरनेटशिवाय, नेमक्या कामापुरती उघडावी. ही शिस्त पाळली तरच या खटाटोपाला अर्थ आहे.

दोन कार्यप्रणाली एकत्र कशा नांदतात

लॅपटॉपचे बटण दाबल्यावर सर्वप्रथम जागा होतो तो मदरबोर्डवरील छोटा प्रोग्राम. पूर्वी त्याला बायॉस म्हणत; गेल्या दहा-बारा वर्षांतील यंत्रांत त्याची जागा यूईएफआय या व्यवस्थेने घेतली आहे. डिस्कवरील एका लहानशा विभागात, ज्याला ईएफआय सिस्टम पार्टिशन म्हणतात, प्रत्येक कार्यप्रणाली आपापला ‘बूटलोडर’ ठेवते. यूईएफआय तो विभाग वाचते आणि यादीत जे नाव पहिले असेल त्याच्या हाती कारभार सोपवते. विंडोजच्या बूटलोडरचे नाव ‘विंडोज बूट मॅनेजर’, उबुंटूच्या बूटलोडरचे ‘ग्रब’. ग्रबचे वैशिष्ट्य असे, की ते पडद्यावर यादी दाखवून विचारते : उबुंटू, की विंडोज?

वाड्यात दोन बिऱ्हाडे राहतात तशीच ही रचना. दिंडीदरवाजा एक, ओटा एक. आतील खोल्या मात्र स्वतंत्र. ईएफआय विभाग हा तो सामाईक दरवाजा. तो पाडला तर दोन्ही बिऱ्हाडे बाहेर. पुढील साऱ्या सूचनांचे सार एवढ्यातच आहे : आपल्याला एक नवी खोली बांधायची आहे; दरवाजाला आणि शेजाऱ्याच्या खोलीला धक्का लावायचा नाही.

पहिले काम : प्रती काढणे

येथे एक कबुली देतो. बारा-तेरा वर्षांपूर्वी चतुर्थीच्या सुट्टीत मी काकांच्या लॅपटॉपवर हा प्रयोग केला होता. वाचून शिकलो होतो, उत्साह दांडगा होता. एका पडद्यावर दोन पर्याय होते. घाईत मी वरचा निवडला आणि पुढे गेलो. तो पर्याय संपूर्ण डिस्क पुसण्याचा होता. वीस मिनिटांत उबुंटू झकास सुरू झाली. काका शेजारी बसले होते. त्यांनी शांतपणे विचारले, ‘‘आणि तालमी कुठे गेल्या?’’ गावच्या जत्रेत होणाऱ्या संगीत नाटकाच्या सहा वर्षांच्या तालमींची ध्वनिमुद्रणे त्या डिस्कवर होती. त्यांतले हार्मोनियम वाजवणारे गृहस्थ त्याआधीच वारले होते. डिस्कमधून काही फायली नंतर परत मिळाल्या. ध्वनिमुद्रणे मिळाली नाहीत. काकांनी मला एका शब्दानेही बोल लावला नाही, आणि म्हणूनच तो दिवस विसरता येत नाही.

तेव्हा पहिला नियम. बाहेरची हार्ड डिस्क घ्या आणि कागदपत्रे, छायाचित्रे, ध्वनिमुद्रणे, ब्राउझरमधील पासवर्ड, टॅलीचा डेटा, जुने टंक हे सर्व तिच्यावर उतरवा. नुसते उतरवून थांबू नका. ती डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून चार-पाच फायली उघडून पाहा. उघडून न पाहिलेली प्रत ही प्रत नव्हे. त्यानंतर ती डिस्क लॅपटॉपपासून काढून कपाटात ठेवा. काम संपेपर्यंत ती पुन्हा जोडायची नाही. म्हणजे चुकूनही तिच्यावर स्थापना होण्याचा प्रश्न उद्भवत नाही.

लॅपटॉपची तपासणी

विंडोजच्या शोधचौकटीत ‘सिस्टम इन्फर्मेशन’ शोधा आणि उघडा. तीन नोंदी पाहायच्या आहेत.

१. ‘बायॉस मोड’ या ओळीसमोर ‘यूईएफआय’ असावे. ‘लेगसी’ असेल तर लॅपटॉपची मांडणी जुन्या पद्धतीची आहे. त्यावरही ड्युअल बूट होते, परंतु पायऱ्या वेगळ्या आहेत आणि हा लेख त्यांना लागू पडत नाही.

२. रॅम किमान ४ जीबी हवी. ८ जीबी असल्यास उबुंटू मोकळेपणाने चालते. ४ जीबीच असेल तर उबुंटूवरच आधारलेली परंतु हलकी अशी लिनक्स मिंट, त्यातही तिची ‘एक्सएफसीई’ आवृत्ती, अधिक सोयीची ठरते. तिची स्थापनाही बहुतांशी अशीच होते.

३. डिस्कवर मोकळी जागा. उबुंटूची किमान मागणी २५ जीबीची आहे. व्यवहारात ५० ते ६० जीबी द्यावी. तेवढी दिल्यावर विंडोजकडेही २५-३० जीबी मोकळी उरली पाहिजे. १२८ जीबीची एसएसडी काठोकाठ भरलेली असेल तर आधी ती मोठी करून घ्या.

ज्यांना लिनक्सची फक्त ओळख करून घ्यायची आहे आणि ज्यांच्याकडे ८ जीबीहून अधिक रॅम आहे, त्यांनी डिस्कला हातच लावू नये. व्हर्च्युअलबॉक्ससारख्या विनामूल्य प्रोग्राममध्ये विंडोजच्या आतच उबुंटू चालवता येते. ती संथ चालते, पण काही बिघडत नाही.

विंडोजमध्ये करायची तीन कामे

_बिटलॉकरची चावी._ अलीकडच्या अनेक लॅपटॉपवर डिस्क मुळातच कूटबद्ध असते. मालकाला त्याचा पत्ताही नसतो. विंडोज १० मध्ये सेटिंग्जमधील ‘अपडेट अँड सिक्युरिटी’खाली आणि विंडोज ११ मध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’खाली ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ पाहा. प्रो आवृत्तीत कंट्रोल पॅनेलमध्ये ‘बिटलॉकर’ शोधा. ते सुरू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी चावी आधी कागदावर उतरवून घ्या. ती बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असते. बूटच्या व्यवस्थेत बदल होताच विंडोज ही चावी मागू शकते आणि ती नसेल तर डिस्कवरील मजकूर कायमचा बंद होतो. मग कोणताही तंत्रज्ञ काही करू शकत नाही. चावी हाती आल्यावर एन्क्रिप्शन बंद करा. डिस्क मोठी असल्यास याला काही तास लागतात. पूर्ण होईपर्यंत थांबा.

_फास्ट स्टार्टअप बंद करणे._ विंडोज बंद केली तरी ती खऱ्या अर्थाने बंद होत नाही. लवकर जागे होता यावे म्हणून आपली अर्धी अवस्था डिस्कवर साठवून ठेवते. अशा वेळी उबुंटूने त्याच विभागात लिहिले तर फायलींची मोडतोड होऊ शकते. म्हणून कंट्रोल पॅनेलमधील ‘पॉवर ऑप्शन्स’मध्ये जाऊन ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’ उघडा, ‘चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल’वर टिचकी द्या आणि ‘टर्न ऑन फास्ट स्टार्टअप’समोरची खूण काढा.

_जागा मोकळी करणे._ स्टार्टच्या चिन्हावर उजवी टिचकी देऊन ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडा. सी विभागावर उजवी टिचकी, मग ‘श्रिंक व्हॉल्यूम’. आकडा मेगाबाइटमध्ये द्यायचा असतो : ६० जीबीसाठी ६१४४०. काम झाल्यावर ‘अनअलोकेटेड’ अशी काळ्या पट्टीची जागा दिसेल. ती तशीच सोडा. तिचा नवा ड्राइव्ह बनवू नका. विंडोज पुरेशी जागा सोडायला तयार नसेल तर बहुधा हायबरनेशनची, पेजिंगची किंवा सिस्टम रिस्टोरची फाइल मध्ये अडलेली असते. या सोयी तात्पुरत्या बंद करून, लॅपटॉप पुन्हा सुरू करून प्रयत्न करा.

हे काम चालू असताना चार्जर जोडलेला असावा आणि बॅटरीही पूर्ण भरलेली असावी. आपल्याकडे पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नसतो. ज्याची बॅटरी मृतप्राय आहे अशा लॅपटॉपवर डिस्कची फाळणी करायला बसू नये. फाळणीनंतर विंडोज एकदा पुन्हा सुरू करून सर्व ठीक असल्याची खात्री करा.

पेनड्राइव्ह तयार करणे

उबुंटूच्या अधिकृत संकेतस्थळावरून डेस्कटॉप आवृत्तीची आयएसओ फाइल उतरवा. तिचा आकार सुमारे ६ जीबी असतो. म्हणून पेनड्राइव्ह १६ जीबीचा घ्यावा. पेनड्राइव्हवरचे सर्व काही पुसले जाते, हे लक्षात असू द्या.

उतरवलेली फाइल धड आहे की नाही, हे तपासण्याची एक पद्धत आहे. प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ नावाचा ६४ अक्षरांचा ठसा असतो. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘सर्टयूटिल’ या आदेशाने तो काढता येतो आणि संकेतस्थळावर दिलेल्या ठशाशी ताडून पाहता येतो. जोडणी मध्येच तुटत असेल तर ही तपासणी टाळू नका. अर्धवट फाइलमुळे स्थापना निम्म्यावर अडकल्याची उदाहरणे विपुल आहेत.

त्यानंतर ‘रूफस’ हा छोटा विनामूल्य प्रोग्राम घ्या. त्यात पेनड्राइव्ह निवडा, आयएसओ फाइल निवडा, ‘पार्टिशन स्कीम’मध्ये जीपीटी आणि ‘टार्गेट सिस्टम’मध्ये यूईएफआय ठेवा आणि सुरू करा. दहा-पंधरा मिनिटांत पेनड्राइव्ह सिद्ध होतो.

आधी चालवून पाहावे

पेनड्राइव्ह लावून लॅपटॉप पुन्हा सुरू करा आणि कंपनीचे चिन्ह दिसताच बूट मेनूची कळ दाबत राहा. डेल आणि लेनोवोच्या बहुतेक यंत्रांत ती एफ१२, एचपीत एफ९, असूसमध्ये एस्केप असते. कळ साधत नसेल तर विंडोजमध्ये शिफ्ट दाबून ठेवून ‘रिस्टार्ट’ म्हणा. पुढच्या पडद्यावर ‘यूज अ डिव्हाइस’ हा मार्ग मिळतो. ‘सिक्युअर बूट’ बंद करण्याची सहसा गरज पडत नाही, कारण उबुंटूचा बूटलोडर त्या व्यवस्थेला मान्य असलेल्या स्वाक्षरीसह येतो.

उबुंटू सुरू झाल्यावर ‘ट्राय उबुंटू’ निवडा. डिस्कला स्पर्श न करता ती पेनड्राइव्हवरून चालते. येथे अर्धा तास घालवावा. वाय-फाय जोडले जाते का, आवाज येतो का, टचपॅड, कॅमेरा, पडद्याचा उजेड, ब्लूटूथ, सगळे पाहा. काही ब्रॉडकॉम आणि रिअलटेक वाय-फाय चिपांना स्वतंत्र ड्रायव्हर लागतो. तो बसवण्यापुरते मोबाइलचे इंटरनेट यूएसबी तारेने घेता येते.

‘फाइल्स’मध्ये किंवा ‘डिस्क्स’ या प्रोग्राममध्ये लॅपटॉपची डिस्कच दिसत नसेल तर थांबा. यूईएफआयमध्ये साठवणुकीची पद्धत ‘आरएसटी’ किंवा ‘व्हीएमडी’ अशी ठेवलेली असण्याचा संभव आहे. ती नुसती ‘एएचसीआय’ केली तर उबुंटूला डिस्क दिसेल, पण विंडोज सुरू होणार नाही. योग्य क्रम असा : विंडोजमध्ये ‘सिस्टम कॉन्फिगरेशन’ उघडून सेफ बूटची खूण करावी, पुन्हा सुरू करताना यूईएफआयमध्ये बदल करावा, विंडोज सेफ मोडमध्ये एकदा उघडू द्यावी आणि मग ती खूण काढावी.

प्रत्यक्ष स्थापना

‘इन्स्टॉल उबुंटू’वर टिचकी दिल्यावर भाषा, कळफलक, इंटरनेट असे पडदे ओळीने येतात. ग्राफिक्स आणि वाय-फायसाठी त्रयस्थ ड्रायव्हर बसवण्याचा पर्याय स्वीकारावा. त्यानंतर येतो तो निर्णायक पडदा. त्यावर साधारणपणे तीन पर्याय असतात :

१. ‘इन्स्टॉल उबुंटू अलाँगसाइड विंडोज बूट मॅनेजर’ : विंडोजच्या शेजारी. आपल्याला हवा तो हाच.

२. ‘इरेज डिस्क अँड इन्स्टॉल उबुंटू’ : डिस्क पुसून. काकांच्या तालमी याच पर्यायाने गेल्या.

३. ‘मॅन्युअल इन्स्टॉलेशन’ : स्वतः विभाग आखून.

पहिला पर्याय दिसत नसेल तर दुसऱ्याकडे वळू नका. बिटलॉकर सुरू असणे, विंडोज पूर्ण बंद न झालेली असणे किंवा डिस्क न दिसणे, यांपैकी एखादे कारण असते. मागे जाऊन ते शोधा. तिसरा पर्याय घ्यायचा झाल्यास ‘फ्री स्पेस’ ही ओळ निवडून तेथे ‘एक्स्ट४’ प्रकारचा विभाग करा आणि ‘माउंट पॉइंट’ म्हणून तिरकी रेघ (/) द्या. स्वॅपसाठी वेगळा विभाग लागत नाही. उबुंटू त्यासाठी आपली फाइल स्वतः बनवते. १०० ते २६० मेगाबाइटचा जो ईएफआय विभाग दिसतो तो जसाच्या तसा वापरायचा, फॉरमॅट करायचा नाही. दिंडीदरवाजा तो हाच.

पुढे नाव, पासवर्ड, वेळेचा प्रदेश (कोलकाता) भरल्यावर शेवटी सर्व बदलांचा गोषवारा समोर येतो. ‘इन्स्टॉल’ दाबेपर्यंत डिस्कवर काहीही लिहिले गेलेले नसते. हा शेवटचा थांबा आहे. गोषवारा मोठ्याने वाचा. घरात कोणी असेल तर त्यालाही वाचायला द्या. आपण मोकळी केलेली जागा सोडून दुसऱ्या कोणत्या विभागाचे नाव त्यात फॉरमॅटसाठी दिसले तर मागे फिरा.

एनव्हीडियाचे ग्राफिक्स असलेल्या लॅपटॉपवर सिक्युअर बूटसाठी एक तात्पुरता पासवर्ड मागितला जातो. पुन्हा सुरू होताना निळा पडदा येतो. तेथे ‘एनरोल एमओके’ निवडून तोच पासवर्ड द्यायचा. घाईत हा पडदा हुकला तर ड्रायव्हर चालत नाही आणि लोक उबुंटूला दोष देतात.

पहिल्या दिवसाची कामे

पुन्हा सुरू केल्यावर ग्रबची यादी दिसेल. वर-खाली बाणांनी निवड करा. सर्वप्रथम विंडोज उघडून ती शाबूत असल्याची खात्री करा आणि मगच उबुंटूकडे या. पुढील आदेश येथे उच्चारानुसार दिले आहेत. टर्मिनलमध्ये टंकताना ते इंग्रजी लहान अक्षरांत टंकावेत.

_घड्याळ._ उबुंटूतून विंडोजमध्ये आल्यावर घड्याळ साडेपाच तास मागे गेलेले दिसले तर घाबरू नका. लॅपटॉपच्या आतील घड्याळात विंडोज स्थानिक वेळ गृहीत धरते, लिनक्स जागतिक प्रमाणवेळ. भारताची वेळ त्याहून साडेपाच तास पुढे, म्हणून नेमका तेवढाच फरक पडतो. उबुंटूत ‘टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १’ हा आदेश दिला की दोघींचे एकमत होते.

_यादीत विंडोज नसणे._ ग्रबच्या मांडणीच्या फाइलमध्ये इतर कार्यप्रणाली शोधणारा ‘ओएस-प्रोबर’ बंद असतो. तो सुरू करून ‘सुडो अपडेट-ग्रब’ हा आदेश दिल्यावर नाव परत येते.

_सामाईक फायली._ उबुंटू विंडोजचे विभाग वाचू शकते. विंडोज मात्र आपण होऊन उबुंटूचा विभाग वाचत नाही. दोन्हीकडे लागणाऱ्या फायली विंडोजच्या डी विभागात ठेवणे म्हणून सोयीचे.

_मराठी._ सेटिंग्जमधील ‘कीबोर्ड’खाली ‘इनपुट सोर्सेस’मध्ये मराठी जोडा. इन्स्क्रिप्ट आणि उच्चारानुसारी असे दोन्ही प्रकारचे कळफलक मिळतात. विंडोज चिन्हाची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबून इंग्रजी-मराठी अदलाबदल होते. देवनागरी कोंकणी लिहिणाऱ्यांनाही हाच कळफलक पुरतो. लिब्रेऑफिस विनामूल्य मिळते आणि त्याचे मेनूही मराठीत घेता येतात. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा ‘मुक्त’ यासारखे मोफत टंक सहज बसवता येतात. मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी नोंदवण्याची सवय लावावी. ज्या टंकांत मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ वेगळे दिलेले आहेत, ते टंक त्यानंतर ती वळणे दाखवतात.

श्रीलिपीतील जुना मजकूर विंडोजमध्ये उघडून युनिकोडमध्ये रूपांतरित करणे, हेही या दुहेरी मांडणीत सवडीने करता येते. रूपांतर झाल्यावर मूळ छापील प्रतीशी ताडून पाहावे. रफार आणि जोडाक्षरे यांत चुका राहतात. परंतु एकदा युनिकोडमध्ये आलेला मजकूर मग कोणत्याही कार्यप्रणालीचा मिंधा राहत नाही.

बिघडलेच तर

विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर कधी कधी ग्रबची यादी येईनाशी होते आणि लॅपटॉप थेट विंडोजमध्ये जातो. उबुंटू पुसली गेलेली नसते. यूईएफआयच्या यादीतील क्रम बदललेला असतो. तेथे जाऊन ‘उबुंटू’ला पहिला क्रमांक दिला की काम भागते. ऑगस्ट २०२४ मधील विंडोजच्या एका सुरक्षा अपडेटमुळे काही ड्युअल बूट यंत्रांवर जुन्या बूटलोडरच्या लिनक्स आवृत्त्या सुरूच होईनात. त्यातून घ्यायचा धडा असा, की उबुंटूचेही अपडेट वेळच्या वेळी घ्यावेत आणि स्थापनेचा पेनड्राइव्ह मोडू नये. ग्रब खरोखर बिघडले तर त्याच पेनड्राइव्हवरून उबुंटू चालवून ‘बूट-रिपेअर’ या साधनाने दुरुस्ती करता येते.

उबुंटू नकोशी झाली तर तिचा विभाग सरळ पुसून टाकू नये. ग्रब आपला विभाग शोधत राहते, तो सापडत नाही आणि काळ्या पडद्यावर नुसती चौकट लुकलुकत राहते. आधी यूईएफआयमध्ये ‘विंडोज बूट मॅनेजर’ला पहिला क्रमांक द्यावा, विंडोज नीट सुरू होते हे पाहावे आणि मगच डिस्क मॅनेजमेंटमधून उबुंटूचा विभाग काढावा. ती जागा सी विभागाला लागूनच असेल, तर ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ने त्याला परत जोडता येते.

या साऱ्या कामाला एक निवांत दुपार पुरते. त्यातील निम्मा वेळ प्रती काढण्यात आणि त्या तपासण्यात जातो. तो वाया गेला असे वाटते, पण ज्याने एकदा गमावले आहे त्याला तसे वाटत नाही. काकांच्या त्या जुन्या लॅपटॉपवर आजही दोन कार्यप्रणाली आहेत. दरवर्षी जत्रेनंतर ते नव्या तालमी बाहेरच्या दोन डिस्कवर उतरवतात. एक त्यांच्या कपाटात राहते. दुसरी सांभाळायला त्यांनी माझ्याकडे दिली आहे.